संस्थेचे पापनिवेदन

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही उपासनेची वस्त्रे उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक वयस्क भगिनी दाराशी येऊन उभी राहिली. तिचा थोरला मुलगा गेली बारा-तेरा वर्षे मानसिक आजाराने पीडित आहे. मध्यंतरी घरच्या माणसांना त्याला आवरणे अशक्य झाले, तेव्हा त्याला दूरच्या एका खाजगी केंद्रात ठेवण्यात आले होते. चार महिन्यांनी आई भेटीला गेली, तेव्हा मुलाच्या दोन्ही मनगटांवर दोराचे वळ होते. तिने तेथील डॉक्टरांना विचारले. 'तुम्हाला यातले काय कळते?' एवढेच उत्तर मिळाले. ती मुलाला घरी घेऊन आली. आज तो दुसऱ्या एका डॉक्टरांच्या औषधांवर बराच स्थिर आहे. रविवारी शेवटच्या बाकावर बसून उपासनेत भाग घेतो.

'फादर, एक विचारू का?'

'विचारा ना, मावशी.'

'आम्ही चुकलो तर तुमच्याकडे पापनिवेदनाला येतो. तुम्ही चुकलात तर तुमच्यावर बिशप आहेत. ही डॉक्टर मंडळी चुकली तर ती कोणाकडे जातात?'

आम्ही आमच्या परीने उत्तर दिले. वैद्यकीय परिषद आहे, न्यायालय आहे, २०१७ सालचा मानसिक आरोग्य कायदा आहे, असे सांगितले. तिने मान हलवली आणि ती निघून गेली. पण तिला कचेरीचा पत्ता नको होता, हे आमच्या नंतर ध्यानात आले. आपल्या मुलाच्या मनगटावरील वळांबद्दल त्या संपूर्ण व्यवसायात कोणाला तरी वाईट वाटते काय, हे तिला विचारायचे होते. हा प्रश्न आमच्या मनातून जाईना. एका डॉक्टराला पश्चात्ताप होऊ शकतो, कारण तो मनुष्य आहे. पण डॉक्टरांच्या संघटनेला पश्चात्ताप होऊ शकतो काय? घटना, पदाधिकारी, वर्गणी आणि वार्षिक अधिवेशन असलेल्या संस्थेला सदसद्विवेकबुद्धी असते काय? या प्रश्नाचा थोडा विचार वाचकांसह करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

मनोविकारशास्त्रालाच संघटनेची एवढी गरज का?

वैद्यकाच्या प्रत्येक शाखेच्या संघटना आहेत. अस्थिरोगतज्ज्ञांची आहे, नेत्रतज्ज्ञांची आहे. परंतु हाड मोडले आहे की नाही, हे ठरविण्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञाला आपल्या संघटनेचे मत विचारावे लागत नाही. क्ष-किरणांचे चित्र ते सांगते. मनोविकारांच्या बाबतीत बहुतांश वेळा असे चित्र उपलब्ध नसते. रक्ताची तपासणी करून खिन्नतेचा आजार सिद्ध करता येत नाही. रुग्ण काय बोलतो, कसे वागतो, किती काळ तसे वागतो, यावरूनच निदान करावे लागते. मग कोणत्या लक्षणांना आजार म्हणावयाचे आणि कोणत्यांना मनुष्यस्वभाव, हे कोणी तरी एकत्र बसून ठरवावे लागते. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन या संघटनेने १९५२ साली मनोविकारांच्या निदानाची पुस्तिका प्रथम प्रसिद्ध केली. तिची पाचवी आवृत्ती २०१३ साली निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाबरोबर या पुस्तिकेचाही आधार जगभर घेतला जातो. म्हणजे येथे संघटना केवळ व्यवसायबंधूंचे हितरक्षण करीत नाही. आजार कशाला म्हणावे, हे ती ठरविते.

दुसरे कारण याहून गंभीर आहे. मनोरुग्ण हा असा रुग्ण आहे की, ज्याचे म्हणणे खरे मानले जाईलच असे नाही. दमेकऱ्याने 'मला मारहाण झाली' असे सांगितले तर लोक चौकशी करतात. मनोरुग्णाने तेच सांगितले तर लोक एकमेकांकडे पाहतात. शिवाय गुन्हा केला नसतानाही, मनाविरुद्ध, माणसाला कुलपाआड ठेवण्याची शिफारस करण्याचा अधिकार कायद्याने या एका वैद्यकशाखेला विशेषत्वाने दिलेला आहे. ज्याच्या शब्दाला किंमत नाही असा रुग्ण, आणि ज्याच्या शब्दाने दार बंद होते असा डॉक्टर, अशी ही विषम जोडी आहे. त्या दोघांच्या मध्ये उभे राहणारे कोणी तरी हवे. ते काम संघटनेने करावे, अशी अपेक्षा आहे.

या संघटनांचा जन्म मात्र रुग्णांमधून झालेला नाही. इंग्लंडमधील वेड्यांच्या इस्पितळांचे वैद्यकीय अधिकारी १८४१ साली एकत्र आले. आजचे तेथील रॉयल कॉलेज हे त्या संघाचे वंशज. अमेरिकेत १८४४ साली फिलाडेल्फिया शहरी तेरा अधीक्षकांनी आपला संघ स्थापिला. त्याचीच पुढे उपरोक्त अमेरिकन संघटना झाली. ज्यांच्या कमरेला किल्ल्या होत्या, त्यांचे हे संघ होते. त्यात गैर काही नाही. त्यांतील अनेकांना रुग्णांविषयी खरी कणव होती. तथापि, जन्मापासूनच या संघटनांच्या एका हातात रुग्णाचे हित आणि दुसऱ्या हातात व्यवसायाचे हित आहे, एवढे लक्षात ठेवले पाहिजे. संकटकाळी कोणता हात वर जातो, यावरून संघटनेची परीक्षा होते.

लाल रंगाची अधिक खूण

या परीक्षेत जर्मनीतील मनोविकारतज्ज्ञांची संघटना ज्या तऱ्हेने अनुत्तीर्ण झाली, तिला इतिहासात तोड नाही. १४ जुलै १९३३ रोजी हिटलरच्या राजवटीने आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. या कायद्यावर भाष्य लिहिणाऱ्यांत एर्न्स्ट रूडिन हे नामांकित मनोविकारतज्ज्ञ होते. हेच रूडिन १९३५ पासून १९४५ पर्यंत जर्मन मज्जाविकार व मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. या कायद्यान्वये साडेतीन ते चार लाख स्त्रीपुरुषांवर शस्त्रक्रिया झाल्या. यहुदी डॉक्टरांना व्यवसायातून आणि देशातून हाकलून देण्यात आले. त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर दुसरे जाऊन बसले.

पुढची पायरी १९३९ साली गाठली गेली. बर्लिनमधील टिअरगार्टन रस्त्यावरील चार क्रमांकाच्या घरातून एक योजना चालविण्यात आली. देशभरच्या मनोरुग्णालयांना तक्ते पाठविण्यात आले: रुग्णाचे नाव, आजार, किती वर्षे इस्पितळात आहे, काम करू शकतो काय, भेटायला कोणी येते काय. भरून आलेले तक्ते चाळीसेक डॉक्टरांकडे जात. त्यांत विद्यापीठांतील मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक होते. ते रुग्णाला पाहत नसत. केवळ तक्ता वाचीत आणि खाली एक खूण करीत. निळ्या रंगाची वजा खूण म्हणजे जगू द्यावे. लाल रंगाची अधिक खूण म्हणजे मारावे. ज्या खुणेपुढे आम्ही दररोज मस्तक लववतो, तिच्याच आकाराची ती खूण होती. सहा ठिकाणी विषारी वायूच्या कोठड्या उभारण्यात आल्या. ऑगस्ट १९४१ पर्यंत त्यांत सत्तर हजारांहून अधिक रुग्ण मारले गेले. त्यानंतरही उपासमार आणि औषधांच्या मात्रा यांच्या साहाय्याने हत्या चालूच राहिल्या. एकंदर बळींची संख्या दोन लाखांच्या वर जाते.

'भेटायला कोणी येते काय?' हा प्रश्न आम्ही वाचला, तेव्हा दोराचे वळ पाहणाऱ्या त्या माउलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तिच्या मुलाच्या तक्त्यावर कोणती खूण झाली असती, हे सांगावयास नको.

'त्या काळी नकार देणे शक्यच नव्हते', असे पुष्कळदा म्हटले जाते. ते खरे नाही. ऑगस्ट १९४० मध्ये बर्लिनला बोलावलेल्या बैठकीत गोटिंगेन येथील प्राध्यापक गोटफ्रीड एवाल्ड यांनी या कामात सहभागी होण्यास नकार दिला आणि ते बैठकीतून निघून गेले. त्यांना फाशी झाली नाही. त्यांचे प्राध्यापकपदही गेले नाही. हे गृहस्थ निष्कलंक होते असे नव्हे. निर्बीजीकरणाच्या कायद्याला त्यांची मान्यता होती आणि त्यांच्या संस्थेतूनही पुढे रुग्ण नेण्यात आलेच. परंतु नकार देता येत होता, एवढे त्यांनी सिद्ध केले. संघटनेने मात्र संघटना म्हणून एकही शब्द उच्चारला नाही.

शब्द उच्चारला तो दुसरीकडून. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन यांनी संत लाम्बर्ट यांच्या चर्चमध्ये प्रवचनपीठावरून या हत्यांचा उघड निषेध केला. माणूस उपयुक्त आहे तोवरच त्याला जगण्याचा अधिकार, हे तत्त्व एकदा मान्य केले की उद्या जायबंदी सैनिक आणि परवा आपले वृद्ध मातापिता यांचीही तीच गत होईल, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. त्या प्रवचनाच्या प्रती हातोहात देशभर गेल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस बर्लिनचे धर्मगुरू बर्नहार्ड लिख्टनबर्ग यांनी सरकारच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याला निषेधाचे पत्र लिहिले. यहुद्यांसाठी जाहीर प्रार्थना केल्याबद्दल त्यांना पुढे तुरुंगात टाकण्यात आले, आणि १९४३ साली डाखाऊच्या छळछावणीकडे नेले जात असता वाटेतच त्यांचा अंत झाला.

आम्ही धर्मगुरू असल्यामुळे येथे छाती फुगवण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. एक बिशप बोलले, पुष्कळ बोलले नाहीत. चर्चने चालविलेल्या आश्रमांतूनही ते तक्ते भरून गेले. काही ठिकाणी अज्ञानाने, काही ठिकाणी भीतीने. पापाचा इतिहास लिहिताना आपले पान कोरे ठेवणारा इतिहासकार विश्वासार्ह नसतो.

पासष्ट वर्षांनंतरचे निवेदन

युद्ध संपले. काही डॉक्टरांवर खटले झाले. बहुतेक आपापल्या जागी परतले. फ्रीडरिख पान्से आणि फ्रीडरिख माउत्स या दोघांनी त्या तक्त्यांवर खुणा केल्या होत्या. युद्धोत्तर काळात हे दोघेही जर्मन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. पुढे त्यांना सन्माननीय सभासदत्वही देण्यात आले. बळींची नावे इस्पितळांच्या दप्तरांत धूळ खात पडली आणि खुणा करणाऱ्यांची नावे सन्मानाच्या यादीत चढली. ही अवस्था काही दशके टिकली. या हत्यांचा सविस्तर वृत्तांत १९८३ साली जर्मन वाचकांसमोर आणणारे एर्न्स्ट क्ली हे डॉक्टर नव्हते. ते पत्रकार होते.

अखेर २६ नोव्हेंबर २०१० रोजी, बर्लिन येथील अधिवेशनात, सुमारे तीन हजार मनोविकारतज्ज्ञांच्या उपस्थितीत, संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष प्राध्यापक फ्रांक श्नायडर यांनी उभे राहून क्षमा मागितली. मारलेल्यांची, निर्बीज केलेल्यांची, हाकलून दिलेल्यांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची. केवळ त्या कृत्यांबद्दल नव्हे, तर त्यानंतर संघटनेने इतकी वर्षे जे मौन पाळले, जी सारवासारव केली, तिच्याबद्दलही. त्याच सुमारास संघटनेने आपल्या घटनेत या गुन्ह्यांतील पूर्वसूरींच्या सहभागाची आणि त्यामुळे आलेल्या विशेष जबाबदारीची नोंद केली. इतिहासकारांचा स्वतंत्र आयोग नेमून आपली दप्तरे त्यांच्यापुढे उघडली. पान्से व माउत्स यांचे सन्माननीय सभासदत्व रद्द केले. २०१४ साली या बळींच्या स्मृतीचे प्रदर्शन जर्मन संसदेत मांडण्यात आले.

येथेच आमचा मूळ प्रश्न उभा राहतो. श्नायडर हे युद्ध संपल्यावर जन्मलेले. त्यांनी कोणालाही मारले नव्हते. सभागृहातील तीन हजारांपैकीही कोणी मारले नव्हते. ज्यांनी मारले ते मृत, जे मारले गेले तेही मृत. मग या क्षमायाचनेत क्षमा मागणारा कोण आणि देणारा कोण? हे नाटक तर नव्हे?

गुरुविद्यालयात आम्हाला शिकविले गेले की, पाप हे नेहमी व्यक्तीचे असते. बापाच्या पापाची शिक्षा पुत्राला होणार नाही, असे यहेज्केल संदेष्ट्याने निक्षून सांगितले आहे. ते सत्यच आहे. अपराध वारशाने येत नाही. परंतु ऋण येते. आमच्या धर्मग्रामातील शेतकरी बांधवांना हे समजावून सांगावे लागत नाही. वडिलांनी जमिनीवर कर्ज काढले तर सातबाऱ्याच्या उताऱ्यावर बोजा चढतो. वडील वारले, जमीन मुलाच्या नावे झाली. बोजा तसाच राहतो. 'कर्ज मी काढले नाही' हे मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे असते, आणि तरीही त्याचा उपयोग नसतो. जमीन हवी असेल तर बोजासकट घ्यावी लागते. संघटनेचे नाव, तिची प्रतिष्ठा, तिची शंभर-दीडशे वर्षांची परंपरा ज्यांना हवी आहे, त्यांनी त्या उताऱ्यावरील इतर हक्कांचा रकानाही वाचला पाहिजे. सन २००० च्या मार्च महिन्यात पोप महोदय दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी गतकाळी केलेल्या पापांबद्दल रोममध्ये जाहीर क्षमायाचना केली, तेव्हा त्यामागेही हाच विचार होता. त्या वेळीही पुष्कळांनी विचारले होते, 'याची गरज काय?'

संस्थेला आत्मा नसतो, हे मान्य केले तरी तीन गोष्टी तिच्यापाशी असतात. तिला स्मृती असते. ती दप्तरात असते. तिला वाणी असते. ती अध्यक्षाच्या मुखी असते. आणि तिला हात असतो. ती कोणाला सन्मान देते, कोणाचा काढून घेते, भावी सभासदांना कोणत्या नियमाने बांधते, हे त्या हाताने घडते. प्रायश्चित्त संस्काराचे परंपरेने तीन भाग सांगितले आहेत: अंतःकरणाचा पश्चात्ताप, मुखाचे निवेदन आणि कृतीने भरपाई. संस्थेला अंतःकरण नाही. म्हणून पहिला भाग तिच्या बाबतीत कोणालाही दिसावयाचा नाही. उरतात दोन. म्हणून व्यक्तीच्या पापनिवेदनात धर्मगुरू अश्रूंचा आदर करतो. संस्थेच्या पापनिवेदनात मात्र अश्रूंना फारशी किंमत देऊ नये. घटनेत काय बदलले, दप्तर कोणापुढे उघडले, सन्मानाच्या यादीतून कोणाचे नाव खोडले, एवढेच पाहावे.

या कसोटीवर जर्मन संघटनेचे निवेदन खरे ठरते, असे आम्हाला वाटते. तथापि एक काटा सलतच राहतो. हे सारे घडले ते अपराधी मरून गेल्यावर. ज्या दिवशी कोणाचीही खुर्ची हलणार नव्हती, त्या दिवशी ते घडले. जिवंत अपराध्यासमोर, चालू असलेल्या अपराधाबद्दल, संघटना बोलते काय?

दोन मतांचा फरक

याचे उत्तर शोधताना सोव्हिएत रशियाचे उदाहरण उपयोगी पडते. तेथे राजवटीला विरोध करणाऱ्यांना मनोरुग्ण ठरवून इस्पितळात डांबण्याची पद्धत पडली होती. आन्द्रेई स्नेझ्नेव्स्की या वजनदार प्राध्यापकांच्या संप्रदायाने स्किझोफ्रेनियाचा एक 'मंदगती' प्रकार मांडला होता. त्याच्या लक्षणांत समाजसुधारणेचा ध्यास आणि सत्याचा हट्ट यांचाही समावेश होऊ शकत असे. सत्याचा हट्ट हे आजाराचे लक्षण ठरले, की ख्रिस्तसभेतील किती संत निरोगी ठरतील, याचा वाचकांनीच विचार करावा.

महायुद्धात लढलेले जनरल ग्रिगोरेन्को यांनी क्रिमियातील तातार लोकांची बाजू घेतली म्हणून १९६९ साली त्यांना अटक झाली. ताश्कंदच्या डॉक्टरांनी त्यांना शहाणे ठरविले. मॉस्कोच्या डॉक्टरांनी वेडे. सेम्योन ग्लुझमन या कीव्ह येथील पंचविशीतल्या तरुण डॉक्टराने १९७१ साली उपलब्ध कागदपत्रांवरून जनरल निरोगी असल्याचा अभिप्राय लिहिला. १९७२ साली त्याला सात वर्षे श्रमछावणी आणि तीन वर्षे हद्दपारी अशी शिक्षा झाली. त्याच्या व्यवसायबंधूंची अखिल-सोव्हिएत संघटना त्याच्या मदतीला आली नाही. ती शिक्षा देणाऱ्यांच्या बाजूला होती.

जागतिक मनोविकार संघटनेपुढे हे कागद १९७१ साली मेक्सिकोच्या अधिवेशनाच्या वेळीच आले होते. तेव्हा त्यांची दखल घेतली गेली नाही. १९७७ साली होनोलुलू येथे मात्र विषय मतास टाकण्यात आला. सोव्हिएत गैरवापराचा निषेध करणारा ठराव संमत झाला: नव्वद विरुद्ध अठ्ठ्याऐंशी मतांनी. त्याच अधिवेशनात हवाईचा जाहीरनामा म्हणून ओळखली जाणारी नीतिसंहिताही स्वीकारण्यात आली. पुढे हकालपट्टीचे सावट पडताच १९८३ साली सोव्हिएत संघटना स्वतःच बाहेर पडली, आणि १९८९ साली अथेन्सच्या अधिवेशनात, राजकीय हेतूने गैरवापर झाल्याचे कबूल केल्यावर, तिला सशर्त परत घेण्यात आले.

दोन मतांचा फरक! या आकड्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. दोन मते तिकडे गेली असती तर ग्लुझमनचे सत्य असत्य झाले असते काय? मुळीच नाही. छावणीतल्या त्या तरुणापाशी सत्य एकट्यापाशी होते, आणि एकट्यापाशी असतानाही ते पूर्ण होते. पण त्याच्या सत्याला जगात उभे राहण्यास जागा मिळाली, ती त्या दोन मतांनी. संघटनेला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी नसते. ती आपल्यातील काही थोड्या माणसांकडून ती उसनी घेते. तिने ती वेळेवर उसनी घेतली तर त्या एकट्या माणसाच्या पाठीशी हजारोंचे बळ उभे राहते. न घेतली तर तेच बळ त्याला चिरडते.

'सत्य काय मतांनी ठरते?' असा प्रश्न अमेरिकेतही विचारला गेला. तेथील संघटनेच्या विश्वस्तांनी १५ डिसेंबर १९७३ रोजी समलिंगी आकर्षण हा मनोविकार नव्हे, असे ठरविले. विरोधकांच्या आग्रहामुळे १९७४ साली सर्व सभासदांचे मत घेण्यात आले. ५,८५४ मते निर्णयाच्या बाजूने आणि ३,८१० विरुद्ध पडली. ख्रिस्तसभेची या विषयावरील नैतिक शिकवण वाचकांना ठाऊक आहे; परंतु ती शिकवण कोणालाही रोगी ठरवीत नाही, उलट आदराने व करुणेने वागविण्यास सांगते. येथे आम्हाला एवढेच म्हणावयाचे आहे की, मतदानाची कुचेष्टा करण्यात अर्थ नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेत १९६५ साली धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा २,३०८ विरुद्ध ७० मतांनी स्वीकारण्यात आला. त्या मतांनी सत्य जन्मास आले नाही. आम्ही ते ओळखले, एवढेच. मतदान म्हणजे सत्याची निर्मिती नव्हे. आपण आजवर चुकत होतो, हे अनेकांनी एकाच वेळी कबूल करण्याची ती एक रीत आहे.

आपल्या अंगणात

आपल्या देशातील इंडियन सायकियाट्रिक सोसायटी ही संघटना १९४७ सालची, म्हणजे स्वातंत्र्याच्या वयाची. तिच्या खात्यावर जमेची बाजू आहे. १९१२ सालच्या वेडेपणाच्या कायद्याऐवजी नवा कायदा असावा म्हणून तिने १९५० सालीच मसुदा तयार केला. तो विचार कायद्यात उतरण्यास १९८७ साल उजाडावे लागले. समलिंगी व्यक्ती आजारी नाहीत, हेही तिने २०१८ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबरमधील निकालाच्या अगोदर, जाहीरपणे सांगितले.

परंतु ६ ऑगस्ट २००१ ची पहाट आपणा सर्वांच्याच खात्यावर आहे. तामिळनाडूतील एर्वाडी येथे, एका दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या खाजगी आश्रमाला आग लागली. रुग्णांना साखळदंडांनी बांधलेले होते. अठ्ठावीस जण मृत्युमुखी पडले. त्यांना तेथे नेऊन सोडणारे त्यांचेच आप्तेष्ट होते. वैऱ्यांनी त्यांना तेथे नेले नव्हते. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून लक्ष घातले. २०१७ च्या कायद्याने साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली. मानसिक आजारावरील उपचार म्हणून स्त्रीपुरुषांचे निर्बीजीकरण करण्यासही मनाई केली. ही दुसरी मनाई वाचून कोणाला नवल वाटेल. परंतु १९९४ साली पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये काढण्याचा जो प्रकार घडला आणि त्यावर महाराष्ट्रात जे वादळ उठले, ते ज्यांना आठवते, त्यांना नवल वाटणार नाही. त्याही वेळी 'त्यांच्याच सोयीसाठी' असेच सांगितले गेले होते. जर्मनी फार दूर नसते.

आणि आता आमचे स्वतःचे. दुसऱ्याच्या पापाची एवढी उजळणी केल्यावर आपले झाकून ठेवणे शोभणारे नाही. गुरुदीक्षा होऊन दोनच वर्षे झाली होती, तेव्हा एका कुटुंबाने आपली तरुण मुलगी आमच्याकडे आणली. तिला आवाज ऐकू येत होते. आम्ही तिच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. नऊ दिवसांची भक्ती सांगितली. घरात कोणी काही केले असेल काय, या त्यांच्या शंकेला हसण्याऐवजी आम्ही गंभीरपणे मान हलवली. 'डॉक्टरांकडे न्या' हे दोन शब्द आमच्या तोंडून निघाले नाहीत. ते कुटुंब तिला घेऊन आणखी दीड वर्ष एका प्रार्थनास्थळाहून दुसऱ्या प्रार्थनास्थळी हिंडत राहिले. उपचार सुरू झाले तेव्हा पुष्कळ काही हातचे गेले होते. प्रार्थना चुकीची नव्हती; तिच्या आडोशाला आमचे अज्ञान लपले होते, ते चुकीचे होते. आम्ही त्याचे पापनिवेदन केले आहे. परंतु आमच्यासारखे किती जण असतील? त्या सर्वांच्या वतीने कोण उभे राहील? मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेला विचारावयाचा प्रश्न आम्हा धर्मगुरूंच्या मंडळालाही तितकाच लागू आहे.

तेव्हा संघटनेला सदसद्विवेकबुद्धी असते काय, याचे आमच्यापुरते उत्तर असे: जन्मतः नसते, तिला ती द्यावी लागते. एवाल्डसारखा कोणी बैठकीतून उठून जातो, ग्लुझमनसारखा कोणी कागदावर खरे ते लिहितो, तेव्हा ती मिळण्याची शक्यता निर्माण होते. ती शक्यता वाया घालवायची की घटनेत उतरवायची, हे उरलेल्यांच्या हाती असते. आणि पासष्ट वर्षांनी मागितलेली क्षमा न मागण्यापेक्षा निश्चितच श्रेष्ठ असली, तरी ज्या दिवशी दोराचा वळ ताजा आहे, त्या दिवशी मागितलेली क्षमा तिच्याहून श्रेष्ठ होय.

मागच्या महिन्यात आम्ही त्या भगिनीच्या घरी गेलो. तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही नीट दिले नव्हते, हे तिला सांगितले. कायद्यान्वये तक्रार कोठे करावयाची, याचा कागद बरोबर नेला होता. तो तिच्या सांगण्यावरून आम्ही भरला, तिने सही केली. नंतर त्या दीड वर्षाची हकीकतही, त्या मुलीचे नाव न घेता, तिला सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग आत जाऊन तिने मुलाला हाक मारली. 'फादर आलेत. चहा ठेव, बाळा. साखर कमी घाल.'

त्याने चहा केला. कप पुढे करताना त्याची बाही थोडी वर सरकली. वळ पुष्कळच पुसट झाले होते. गेले नव्हते.